चित्राबाहेरची फुली

“किती दुखतंय?” हा प्रश्न गेल्या अकरा वर्षांत, या ना त्या अभ्यासासाठी, मी हजारो वेळा विचारला असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तरी मला सरळ उत्तर मिळालेलं नाही. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, मधला कुठलाही आकडा सांगा, इतकी साधी गोष्ट. पण माणसं आकडा सोडून बाकी सगळं सांगतात. सून भेटायला आली नाही, शेजारच्या खाटेवरची घोरते, पंखा कुरकुरतो. “ते राहू द्या हो, आकडा सांगा,” म्हटलं की तोंड पाडतात, आणि मग माझ्यावर मेहेरबानी केल्यासारखं म्हणतात, “बरं, लिहा पाच.” लिहा पाच! मी काय इथे बटाटे तोलत बसलेय?

मी मूळची नर्स. पण इंजेक्शनं, ड्रेसिंग हे सगळं कधीच सुटलं. आता मी अभ्यासाची सिस्टर, म्हणजे विचारायचं आणि लिहायचं. सध्याचा अभ्यास बायकांच्या वॉर्डातला, गुडघ्यांचा होता. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की पहिले चोवीस तास माणूस तळमळतो, म्हणून आमच्या भूलवाल्या डॉक्टरांनी एक नवं औषध घेतलं होतं: मांडीत बारीक सुई सरकवून, गुडघ्याकडून वर जाणारी नसच एक दिवस बधिर करून टाकायची. निम्म्या बायकांना हे औषध मिळायचं आणि निम्म्यांना त्याच सुईतून नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे ना त्या बाईला माहीत, ना डॉक्टरांना, ना मला; ती यादी सीलबंद पाकिटात, औषधांच्या खोलीतल्या कपाटात. पाणी मिळालेलीला दुखलं तर मागेल तेव्हा गोळी द्यायची. मी ऑपरेशननंतर ठरल्या तासांना जाऊन आकडा विचारायचा आणि फॉर्मवरच्या माणसाच्या चित्रावर, जिथे दुखतंय तिथे, पेशंटच्या हाताने पेन्सिलीची फुली काढून घ्यायची. पेशंट म्हणेल तेच लिहायचं, खाडाखोड नाही, समजूत घालणं नाही. हा नियम मी नव्या मुलींना इतक्यांदा सांगितला आहे की त्या मला पाहिल्यावर आधीच मान डोलावतात.

यातलं काही माझ्या घरापर्यंत यायचं कारण नव्हतं, पण माझ्या थोरल्या बहिणीचे गुडघे गेले. ताई शिवणकाम करते. चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारून तिच्या दोन्ही गुडघ्यांची माती झाली, जिन्याच्या सोळा पायऱ्या उतरायला तिला पाव तास लागायला लागला, आणि उतरलं तर परत चढावं लागेल या धसक्याने ती खाली येईनाशीच झाली. ऑपरेशन करून घे म्हणून मी चार वर्षं तिच्या मागे लागले होते आणि चार वर्षं तिने दाद दिली नव्हती. ताईला दुखण्याची भीती वाटते. सुयांमध्ये जन्म गेला, पण बोटाला सुई लागली की अजून डोळ्यांत पाणी. माझं नेमकं उलट. मी लहानपणी भिंतीवरून पडले, मनगट मोडलं, आणि मी लोंबणाऱ्या हाताकडे बघत उभी असताना घरात अभ्यास करत बसलेल्या ताईने भोकाड पसरलं. आई पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला हसून सांगायची, “लागतं धाकटीला आणि रडते थोरली. देवाने वाटप करताना घोळ घातलाय.” घरात मला दगडोबा म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

“तुला दुखणार नाही,” मी ताईला सांगितलं. “औषध मिळालं तर कळणारसुद्धा नाही, आणि पाणी मिळालं तर गोळ्या आहेत, मी आहे.”

“शब्द दे.”

“दिला.”

ती माझ्या कोटाच्या शिवणीत टाचण्या लावत होती. त्या वर्षी माझा पांढरा कोट तिने दुसऱ्यांदा आत घेतला. “किती वाळलीस गं,” ती टाचण्या तोंडात धरूनच म्हणाली, आणि मी म्हटलं, “दिवसभर बारा खाटांभोवती चकरा मारून बघ, तूही वाळशील.” ऑपरेशनची तारीख ठरली ती अभ्यासाच्या अगदी शेवटच्या आठवड्यातली. अभ्यास नीट पार पडणं आता माझ्यासाठी नुसती नोकरी राहिली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं.

पहिल्यांदा खटकलं ते टेलिफोनवाल्या आजींच्या वेळी. आजी जुन्या काळच्या टेलिफोन ऑपरेटर, आयुष्यभर कानाला पट्टा लावून लोकांचे फोन जोडून दिलेल्या, त्यामुळे बोलणं स्वच्छ आणि तुटक. ऑपरेशनला सहा तास झाले होते, आजी उशीला टेकून चहात बिस्कीट बुडवून खात होत्या, आणि मी नेहमीप्रमाणे स्टूल ओढून त्यांच्या डाव्या हाताला बसले, कारण उजवीकडे सलाइनचा स्टँड असतो.

“आत्ता किती दुखतंय?”

“सात.”

मी वर पाहिलं. सात दुखणारा माणूस बिस्किटाचा तुकडा कपात पडू नये म्हणून असा जपत नाही. “गोळी देऊ?”

“कशाला? मला काहीच होत नाहीये.”

“आत्ता सात म्हणालात ना?”

“तुम्ही विचारलंत किती दुखतंय. सात दुखतंय.” त्यांनी बिस्कीट संपवलं, बोटं पुसली, माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि फुली काढली. फुली चित्रावर नव्हतीच. फॉर्मवरचा माणूस हातपाय पसरून उभा होता तसाच कोरा राहिला, आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, बोटभर अंतर सोडून, त्याच्या बरगड्यांच्या उंचीवर, आजींची ठळक फुली.

“चष्मा घाला बघू आजी. चित्राच्या आत काढायची.”

“आत नाही दुखत,” आजी शांतपणे म्हणाल्या. “बाहेर दुखतंय.” मग माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून त्यांना हसू आलं. “माझ्या गुडघ्याची लाईन तुम्ही बंद केलीत ना, म्हणून दुसरीच लागलीय. आमच्याकडे व्हायचं असं. क्रॉस कनेक्शन.”

हसावं की रडावं कळेना. नियमाप्रमाणे मी सात लिहिलं, फुली तशीच ठेवली, आणि म्हातारपणाच्या नावाने बोटं मोडत उठले.

पण पुढच्या आठवड्यात एका शाळामास्तरणीने, पन्नाशीच्या धडधाकट बाईने, सहा सांगून गोळी नको म्हटलं आणि फुली बाहेर काढली. मग एका बेकरीवालीने. मग आणखी दोघींनी. ज्या खरोखर कण्हत होत्या त्यांचं काही वाकडं नव्हतं. त्या आठ म्हणायच्या, गुडघ्यावर फुली मारायच्या, गोळी मागायच्या आणि मला चार शिव्या घालायच्या, सगळं रीतसर. घोळ होता तो मजेत पडून राहिलेल्यांचा. आणि या मजेत असलेल्या बायकांचा आकडा एका दिवशी सगळ्यांचा एकच असायचा. सोमवारी सहा तर सगळ्या सहा, गुरुवारी सात तर सगळ्या सात, खाटा लांब, एकमेकींची ओळख नाही, तरी. मी मागचे फॉर्म काढून बघितले, तर हे आधीपासून चालू होतं, मलाच पत्ता नव्हता: वर्षाच्या सुरुवातीला दोन, तीन, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नव्हतं, आणि फुली एवढी बारीक की मी ती पेन्सिल घसरली म्हणून सोडून दिली होती. मग चार. मग पाच. आकडा चढतच होता. एका दुपारी मी ती सगळी पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरली. फुल्या एकमेकींवर बसल्या. माणसाच्या शेजारी, बरगडीच्या जरा खाली, एकच काळा ठिपका दिसत होता.

पानं खाली ठेवली आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला. दोन वर्षांचं काम, आणि मी खिडकीत उभी राहून ठिपके बघतेय!

भूलवाल्या डॉक्टरांना सांगणं भाग होतं. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी या औषधावर चार वर्षं घातली होती आणि समोर आलं होतं ते हे. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली, पेन टेबलावर आपटलं.

“सात दुखतंय आणि चोवीस तासांत एक गोळी नाही? बाई, हे कोण मानेल? बाहेरचे तपासनीस आले तर पहिला प्रश्न विचारतील की आकडे कुणी बसून बनवले.”

“मी बनवलेले नाहीत.”

“मी कुठे म्हटलं तुम्ही बनवलेत?” म्हणाले, पण डोळे तेच म्हणत होते. मग त्यांची नजर खाली गेली. “अहो, तुमचा अंगठा!”

पानं टाचताना स्टेपलरची पिन माझ्या अंगठ्यात आरपार बसली होती आणि वरच्या फॉर्मवर रक्ताचा ओघळ उतरला होता. मी पिन उपटून काढली. आता हे पान पुन्हा लिहायचं, त्यावर दोन सह्या घ्यायच्या, कारण लिहायचं, हेच आधी माझ्या मनात आलं.

“लागलं नाही तुम्हाला?”

“माझं कातडं जाड आहे हो. फॉर्म खराब झाला, तेवढं सांगा.”

पुढच्या आठवड्यात ताईच्या तपासण्यांसाठी मी दोन दिवस रजा घेतली. माझं काम नवीकडे दिलं होतं. नवी म्हणजे तीन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, प्रत्येकाला अहो-जाहो करणारी, खाटेशी जाताना चपला वाजणार नाहीत असं चालणारी. मी परत आले तर डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि टेबलावर दोन गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले. माझ्या गठ्ठ्यात सात. नवीच्या गठ्ठ्यात शून्य, शून्य, शून्य, आणि एकही फुली नाही.

“बेकरीवालीचं दुसरं ऑपरेशन झालंय काल, दुसरा गुडघा. रात्री नवीने विचारलं, शून्य. आज सकाळी आल्या आल्या तुम्ही विचारलंत, सात. तीच बाई, तीच खाट, चोवीस तास सरायच्या आत. मला सांगा, मी काय समजू?”

अकरा वर्षांत माझ्या एका आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. माझा आवाज चढला. “समजायचं काय त्यात? चला माझ्याबरोबर. तुमच्यासमोर विचारते.”

नवीला बोलावून घेऊन आम्ही तिघं वॉर्डात गेलो. बेकरीवाली केस विंचरत बसली होती. आधी नवी पुढे झाली आणि तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली, “काकू, तुम्हाला आत्ता किती दुखतंय?”

“काही नाही गं. शून्य.”

मग मी स्टुलावर बसले. “आत्ता किती दुखतंय?”

“सात,” बेकरीवाली म्हणाली, आणि कंगवा थांबवून, जरा कळवळून, “साडेसातच म्हणा.”

नवीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी माझ्या हातातून फॉर्म ओढून घेतला, प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि एकदम मोठ्याने हसले. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“बाई, यात ‘तुम्हाला’ कुठे आहे?”

नव्हतं. नसणारच, कारण मीच काढलं होतं. आपल्या भाषेतला फॉर्म टाइप करताना ते वाक्य दुसऱ्या ओळीत जात होतं, त्यामुळे चित्र पुढच्या पानावर ढकललं जात होतं, म्हणून मी ‘तुम्हाला’ उडवलं आणि वाक्य एका ओळीत बसवलं. समोरच्यालाच विचारतोय म्हटल्यावर ‘तुम्हाला’ हवं कशाला? मग नियमाप्रमाणे दुसऱ्या एकाने तो फॉर्म उलट मूळ परक्या भाषेत नेऊन तपासला. त्याने ‘तुम्हाला’ आपसूक परत घातलं, कारण त्या भाषेत दुखायला माणूस लागतो. आपल्याकडे नुसतं दुखतं. तिकडे दोन्ही वाक्यं तंतोतंत जुळली, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीने शिक्का मारला, आणि माझी चूक दोन वर्षं वॉर्डभर फिरत राहिली. नवीने फॉर्म कधी वाचलाच नव्हता. ती आपली सवयीने अदबीने विचारत होती.

“‘तुम्हाला’ घाला, चित्राला चौकट करा, आणि समितीला पत्र पाठवू,” डॉक्टर म्हणाले. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते चालले होते. मी त्यांच्या मागे जवळजवळ धावत गेले.

“पण मग सात दुखत होतं ते कुणाला?”

ते थांबले. माझ्याकडे त्यांनी दयेने पाहिलं, आणि ते मला रागावण्याहून जास्त झोंबलं. “बाई, प्रश्न चुकीचा होता, उत्तर चुकीचं आलं. आता तरी डोकं खाऊ नका.”

नवे फॉर्म आले. ‘तुम्हाला’ दुसऱ्या ओळीत गेलं, चित्र लहान झालं, भोवती जाड काळी चौकट आली. आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. मी वाक्य पूर्ण वाचायचे, त्या शून्य म्हणायच्या, पेन्सिल परत द्यायच्या. फक्त कधी कधी आकडा सांगून झाल्यावरही त्या माझ्याकडे बघत राहायच्या, आणखी काहीतरी विचारायचं राहिलंय असं. एकीने तर माझा हात धरला आणि म्हणाली, “बसा ना जरा.” मला कुठला वेळ? अजून पाच खाटा बाकी होत्या.

टेलिफोनवाल्या आजी तपासणीला आल्या त्या काठी टेकत, पण ताठ चालत. मला बघून थांबल्या. “बरं आहे का आता?”

“ते मी तुम्हाला विचारायचं, आजी. गुडघा कसाय?”

“गुडघा छान आहे. मी गुडघ्याचं विचारत नाहीये.” त्यांनी काठी भिंतीला टेकवली. “आमच्या बोर्डावर एखादा दिवा तासन् तास लागलेला असायचा. तिकडे घंटा वाजत असायची आणि घरात माणूस असूनही उचलत कुणी नसायचं. फार जीव तुटायचा हो.”

मी “हो का” म्हटलं आणि फाइल घेऊन निघाले. रिकामपण फार वाईट, मनात म्हटलं, माणूस काहीही बोलायला लागतो.

ताईचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी दहाला झालं. आदल्या दिवशी तिने माझा कोट मागून घेतला होता. भीतीने तिच्या हाताला चाळा हवा होता, म्हणून मी दिला, आणि तिने तो तिसऱ्यांदा आत घेतला. “आता आणखी घ्यायला कापडच उरलं नाही,” ती म्हणाली. स्ट्रेचरवर झोपताना तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. “शब्द दिलायस हं, दगडोबा.”

“हो गं बाई. किती वेळा?”

नातेवाईकाने आकडा विचारायचा नाही असा नियम आहे, तेव्हा चार वाजता नवी आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसून राहिले. माझा जीव काही ठिकाणावर नव्हता. ताईला पाणी मिळालं असलं तर? ताई कण्हत असली तर? पाच मिनिटांत नवी हसत बाहेर आली.

“शून्य, मॅडम. पाय लाकडासारखा झालाय म्हणाल्या. एकदम छान.”

शून्य! अकरा वर्षांत कुठल्या आकड्याने मला इतका आनंद झाला नसेल. मी पडदा सारून आत गेले, स्टूल ओढलं आणि ताईच्या डाव्या हाताला बसले, आणि बसल्यावर पाहिलं तर ताई रडत होती. आवाज नाही. चादरीचं टोक दातांत धरलेलं, कपाळावर घाम, आणि दोन्ही डोळ्यांतून धारा.

“काय झालं गं? दुखतंय?”

तिने मान हलवली. हो.

“किती?” माझ्या तोंडून सवयीने गेलं.

“दहा.”

“असं कसं? आत्ता तिला शून्य सांगितलंस ना?” मी उठलेच. “थांब, गोळी घेऊन येते. असं सोसत नाही बसायचं, किती वेळा सांगितलं!”

“तिने विचारलं, तुम्हाला किती दुखतंय.” ताईने चादर तोंडातून काढली. तिला बोलायला त्रास होत होता. “मला काहीच दुखत नाहीये. बस तू. बस खाली.”

मी बसले.

तिने हात लांब करून माझ्या खिशातली पेन्सिल काढली. मला वाटलं फॉर्म मागेल. पण तिने दुसऱ्या हाताने माझ्या कोटाची कड धरून स्वतःकडे ओढली, कापड ताणून धरलं, जिथे शिवण उसवायची तिथे खूण करतात तशा दोन तिरक्या रेघा झटकन मारल्या, आणि पेन्सिल सोडून दिली. माझ्या उजव्या बरगडीच्या जरा खाली पांढऱ्या कोटावर फुली उमटली होती.

“कधीपासून गं?” ताईने विचारलं.

“काय कधीपासून? मला काही झालेलं नाही.” माझा आवाज मलाच तिखट लागला. आजी, बेकरीवाली, खिडकीतला तो ठिपका, सगळ्यांचा एकदम राग आला. आणि त्याहून जास्त राग आला तो ताईचा, की मी चार वर्षं हिच्यासाठी जिवाचं रान केलं आणि ही त्या वेड्या बायकांसारखंच बोलतेय. “हे बघ. तूच बघ,” मी म्हटलं, आणि अंगठा फुलीवर ठेवला.

“नको,” ताई म्हणाली. “नको, नको, दाबू नकोस गं.”

मी दाबला. आत काहीतरी होतं, लिंबाएवढं, कठीण. मी आणखी जोरात दाबला.

ताई किंचाळली. आणि तिच्या किंचाळण्याबरोबर, पडद्यांच्या पलीकडून, चार, सात आणि अकरा नंबरच्या खाटांवरूनही किंचाळ्या आल्या. नवी कुठेतरी धावत सुटल्याचा आवाज आला. औषध कुणाला आणि पाणी कुणाला, जे दोन वर्षं एका पाकिटात सीलबंद होतं, ते मला त्या क्षणी खाटेच्या नंबरानिशी कळलं.

मी अंगठा उचलला, तशा चौघीही गप्प झाल्या.

“दुखणार नाही म्हणाली होतीस,” ताई हळूच म्हणाली. तिने माझा हात धरून स्वतःच्या उशाशी नेला आणि सोडला नाही. मी मान खाली घालून त्या फुलीकडे बघत होते. मला काहीच दुखत नव्हतं.